गोष्टीतली आई

लिफ्टमध्ये त्या अनोळखी मुलीनं त्याच्या कोपराला हलकेच हात लावला आणि ती म्हणाली, "तुमच्या आईंबद्दल ऐकलं. फार वाईट वाटलं." त्याच वेळी त्याच्या खिशातला फोन थरथरायला लागला. त्यानं तो अर्धवट बाहेर काढला, पडद्यावर 'आई' अशी अक्षरं दिसली, आणि कुणी बघेल म्हणून त्यानं तो तसाच पुन्हा आत सारला. मुलीच्या गळ्यात इमारतीचं ओळखपत्र होतं, छातीशी लॅपटॉप धरलेला. कुत्री फिरवायला माणसं पुरवणारी एक कंपनी खालच्या मजल्यावर नुकतीच आली होती, तिथली असावी. बोलत होती मात्र मनापासून. तिचीही आई गेल्या वर्षी गेली होती. त्याचं भाषण ऐकून तिला धीर आला होता, म्हणाली, की एवढं सोसून माणूस काहीतरी उभं करू शकतो. फोन मांडीशी थरथरतच होता. "थँक यू," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? मुलगी उतरली, दार मिटताना तिनं वळून एकदा मान हलवली, जशी आपण प्रेतयात्रेत भेटलेल्या माणसाला निघताना हलवतो. मग फोन थांबला. बंद दाराच्या चकचकीत पत्र्यात त्याला आपला चेहरा दिसला, तर तो खरोखरच सुतकी दिसत होता. तो त्यानं मुद्दाम केला नव्हता. आपोआप झाला होता, आणि अजून उतरत नव्हता.

आपल्या मजल्यावर न उतरता तो वर गच्चीपर्यंत गेला आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभा राहून त्यानं घरी फोन लावला. आईला पेचकस कुठे ठेवलाय ते हवं होतं. कपाटाची मूठ निखळली होती, सकाळपासून तिच्या डोक्यात ते बसलं होतं. "कामात असतो गं मी," तो म्हणाला, आणि आवाज त्याला वाटलं त्यापेक्षा तुटक निघाला. "बरं बरं," आई म्हणाली, "राहू दे, सुरीच्या टोकानं बघते." तिनं फोन ठेवल्यावरही तो कानाशी धरून तो उभा होता. खाली रस्त्यावर, पूर्वी छापखाना असलेल्या या इमारतीच्या दारात, जेवणाच्या सुट्टीतली पोरं घोळक्यानं उभी होती. सगळ्यांच्या पाठीला सारख्या पिशव्या, सगळ्यांच्या तोंडी सारखे शब्द. गावात अशा इमारती भराभर उगवत होत्या. जिथे लोखंड ठोकलं जायचं, सूत निघायचं, तिथे आता काचेच्या खोल्या होत्या, आणि त्या खोल्यांतून जे निघायचं ते हाताला लागत नसे. कुणाला पैसे मिळाले की चहाच्या यंत्राशेजारी टांगलेली पितळी घंटा वाजवायची अशी इथली रीत होती. घंटा वाजली की सगळे जागेवरून उठून टाळ्या वाजवत. ज्यांना अजून मिळाले नव्हते ते जरा जास्तच जोरात वाजवत.

त्याची कंपनी म्हणजे एक डबी. औषधाच्या गोळ्यांची. वेळ झाली की त्या वेळेचा कप्पा तेवढा उघडायचा, बाकीचे बंद. गोळी उचलली नाही तर डबी हाक मारायची, तरीही उचलली नाही तर मुलाला नाहीतर मुलीला फोन जायचा. साधी गोष्ट. पहिली डबी आईच्याच जुन्या सुपारीच्या डब्याला तारा जोडून केली होती, आणि ती रात्री-अपरात्री उगाच कोकलायची, तेव्हा आई तिला उशीखाली दाबून म्हणायची, हे बाळ रडकं निघालं. ती डबी सुचली त्याला कारण आई पडली होती. रक्तदाब कमी करायची सकाळची गोळी घेतली की नाही हे तिला आठवेना, म्हणून तिनं ती पुन्हा घेतली, आणि न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. तो तेव्हा दुसऱ्याच्या कंपनीत नोकरीला होता. चार्जर विसरला म्हणून दुपारी घरी आला, घंटा वाजवून दार उघडेना, आपल्या किल्लीनं उघडलं, आत नळ वाहत होता. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर आईचं पहिलं वाक्य होतं, "नळ बंद केलास का?" आठवड्यात ती घरी आली. एवढंच झालं होतं. पण एवढंच, हे कुणाला सांगता येत नाही, हे त्याला पुढे कळलं.

कळलं ते मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे या इमारतीत नव्या कंपन्यांना पैसेवाल्यांपुढे कसं बोलायचं ते शिकवणारा माणूस. स्वतः एक कंपनी विकून मोकळा झालेला, पांढऱ्या बुटांचा, कुणाच्याही खांद्यावर सहज हात टाकणारा. ते म्हणायचे, वस्तू कुणी विकत घेत नाही, पैसे तर वस्तूत कुणीच घालत नाही. माणूस गोष्टीत पैसे घालतो. तुझी गोष्ट काय? त्यानं घाबरत घाबरत पहिल्यांदा सांगितली ती खालच्या मोठ्या दालनात, डोळ्यांवर प्रकाश येत होता, समोर अंधार आणि त्या अंधारात माणसं. किल्लीनं दार उघडलं इथपर्यंत तो आला. "नळ वाहत होता. आई फरशीवर पडली होती." आणि इथे त्याचं पुढचं वाक्य हरवलं. पाठ केलेलं वाक्य होतं, डॉक्टरांचं, दवाखान्याचं; पण घशात काहीतरी अडकलं आणि आला तो नुसता श्वास. खरंच अडकलं होतं. त्या एका क्षणात त्याला खरीच ती फरशी दिसली होती, ओली, आणि तिच्यावर पसरलेले पिकले केस. अंधारात कुणीतरी हुंदका दिला. मग शांतता झाली, अशी की पंख्याचा आवाज ऐकू यावा. तो तसाच पुढे गेला, "म्हणून ही डबी," म्हणाला. टाळ्या झाल्या तेव्हा काही लोक उभे होते. बाहेर आल्यावर एकानं येऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले, आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की या सगळ्यांनी आईला मारून टाकलं आहे.

त्यानं सांगायला तोंड उघडलं होतं. उघडलंच होतं. पण तो माणूस हात सोडेना, मागे दुसरा उभा, त्यामागे तिसरा, आणि मास्तर लांबून अंगठा दाखवत होते. दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, तो जो थांबलास ना, तो थांबा सोडू नकोस. तिथेच सगळं आहे. त्यानं खरं काय ते मास्तरांना सांगितलं. मास्तर हसले, म्हणाले, तू काही खोटं बोललास का? नाही ना? मग लोकांनी काय समजावं ते तू कसं ठरवणार? फक्त पुढे एक वाक्य घाल, 'मला उशीर झाला होता'. झालाच होता की. पडून किती वेळ झाला होता तुझ्या आईला? तेही खरंच होतं. आणि असं ते वाक्य आलं, थांब्यानंतर, खालच्या पट्टीत. मग ते कंपनीच्या पानावर गेलं, कुणीतरी चित्रफीत केली, तिच्यावर कुणीतरी मंद पियानो घातला. प्रत्येक वेळी तो स्वतःला सांगायचा, मी असं कधी म्हटलंच नाही. अमुक म्हटलं, तमुक म्हटलं, पण ती गेली असं नाही म्हटलं. या वाक्याला तो अंधारात कठड्याला धरावं तसा धरून असायचा. भागीदार मात्र, ज्याला सगळे मुनी म्हणत कारण तो संगणकाशी बोलायचा तेवढंच बोलायचा, त्या दिवसापासून घरी यायचा थांबला होता. पूर्वी दर शनिवारी आईच्या हातचं जेवायला यायचा, आई वाढत राहायची आणि हा लाजत खात राहायचा. आता विचारलं की मान हलवून पडद्यात डोकं घालायचा.

संध्याकाळी घरी जाताना खालून खिडकीत दिवा दिसला की हल्ली तो थबकायचा. क्षणभरच. घरात कोण आहे? मग आठवायचं. जिन्यात तिच्या खोकल्याचा आवाज आला की तो दचकायचा, आणि दचकलो याची लाज वाटून पायऱ्या जोरात वाजवत चढायचा. आत आई नेहमीसारखी असायची, हेच अवघड होतं. तिचा चष्मा टेबलावर पालथा ठेवलेला दिसला तर तो नुसता चष्मा दिसत नसे. मागे राहिलेला चष्मा दिसायचा. दोरीवर वाळत घातलेलं तिचं पातळ, खुर्चीच्या पाठीला मळलेली डोक्याची जागा, मुठीसाठी सुरीनं ओरखडलेलं कपाटाचं दार, सगळं त्याला जपून ठेवलेलं वाटायचं. आणि त्या जपून ठेवलेल्या वस्तूंमधून ती चालत यायची, हात पुसत, विचारायची, दमलास का रे. तो तिच्याकडे नीट बघत नसे. न्हाणीघरात नळ मोठा सोडून तो भाषणाची तालीम करायचा, पुटपुटत. थांब्याशी आला की नळाचा आवाज तेवढा उरायचा, आणि त्याच फरशीवर उभा राहून तो ओठ न हलवता मोजल्यासारखं थांबायचा.

आईचा एक नेम होता. वडील गेल्यापासूनचा. वडिलांच्या शेवटच्या आजारात तिनं त्यांना, बरे व्हाल, असं महिनाभर सांगितलं होतं, आणि शेवटी ते म्हणाले होते, तू तरी मला खरं सांगायचं होतंस. तेव्हापासून दिवेलागणीला ती डोळे मिटून बसे आणि दिवसभरात आपण काही खोटं बोललो का ते आठवत जाई. सापडलं, तर त्या रात्री जेवत नसे. कुणाला सांगत नसे, कुणाला शिकवत नसे. "आज भूक बाजूला ठेवलीय," एवढंच म्हणायची. लहानपणी त्याला ते गमतीचं वाटायचं, तो दिवसभर तिला खोटं बोलायला लावायच्या युक्त्या करायचा. फार वेळा जमलं नव्हतं. एकदा शेजारणीनं केलेल्या विणकामाला छान म्हणाली, आणि रात्री पाणी पिऊन झोपली.

त्या आठवड्यात मोठ्या बाईंचा निरोप आला. मोठ्या बाई म्हणजे गावातल्या नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या मंडळींत जिच्या शब्दावर बाकीचे हलतात ती बाई. साध्या सुती कपड्यातली, केस कापलेली, कुणाचंही बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी. त्यांनी त्याचं भाषण ऐकलं होतं, आकडे बघितले होते, होकार जवळजवळ दिला होता. एक राहिलं होतं. ज्याच्यात पैसे घालायचे त्याच्या घरी एकदा चहा प्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. माणूस कुठून निघाला ते बघितल्याशिवाय तो कुठे जाईल ते कळत नाही, असं त्या म्हणत. मास्तरांनी ही बातमी त्याला पेढे वाटावेत अशी दिली. घरी तर आई होती. पुढच्या महिन्याचे पगार निघणार नव्हते हे त्याला आणि मुनीला माहीत होतं. बाकीच्या पोरांना अजून माहीत नव्हतं, ती दिवाणावर लोळत डबीला नवा रंग कोणता द्यावा यावर भांडत होती. मुनीनं सगळं ऐकलं आणि पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "काकूंना सांगितलंस?"

त्यानं सांगितलं ते जेवताना, ताटाकडे बघत. सुरुवात बाईंच्या चहापासून केली, पगारांवरून गेला, लोक कसे अर्धंच ऐकतात यावर आला, आणि तिथे घुटमळला. त्या दिवशी दुपारी ती जरा कुठे गेली तर बरं, एवढंच म्हणायचं होतं. कोपऱ्यावरच्या वाचनालयात, नाहीतर ताईकडे. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, बसनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहणारी. आईनं त्याला पुरतं बोलू दिलं. मग त्याच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली,

"मी कधी गेले रे? साल-बिल काही सांगितलंयस का?"

त्यानं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या मुलीनं ती चित्रफीत दाखवली मला," ती म्हणाली. "तिला वाटलं, मी कुणी दुसरी नातेवाईक. म्हणाली, आजी, बघा तुमचा मुलगा... नाही, तुमचा भाचा का कोण, किती छान बोलतो. बघितलं मी. चांगलं बोललास. मलासुद्धा डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, बिचारी बाई."

"कधी बघितलंस?"

"झाले बरेच दिवस."

"मग बोलली का नाहीस आई?"

"वाट बघत होते," आई म्हणाली, "तू बोलशील म्हणून."

तो मग पुष्कळ बोलला. मी असं म्हटलेलं नाही, शब्द तपास, एकही शब्द खोटा नाही. पगाराचं पुन्हा सांगितलं, एकाची बायको पोटुशी आहे ते सांगितलं. डबी चांगली आहे, खरंच माणसं वाचतील, हे सांगताना त्याचा आवाज भाषणातल्यासारखा झाला आणि तो गप्प झाला. आई म्हणाली, त्या बाईला फोन कर आणि सांग, आई आहे म्हणून. चांगली बाई असेल तर हसेल. तो म्हणाला, हसणार नाही. कुणीच हसणार नाही, ज्यानं ज्यानं हात हातात घेतले होते तो प्रत्येक जण थुंकेल. एकदा पैसे आले की तो हळूहळू सगळं निस्तरेल. आईनं ताटं उचलली. आतून नळाचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, वाचनालयात जाईन मी. त्याला हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची त्याला शिसारी आली, तरी ते वाटायचं थांबलं नाही.

बाई वेळेआधी आल्या. मोठी माणसं उशिरा येतात या हिशेबावर तो निर्धास्त होता. भिंतीवरचा आईचा नि त्याचा फोटो काढून पलंगाखाली ठेवला होता, आणि मग वाटलं की फोटो तर उलट हवाच, म्हणून पुन्हा लावला होता, आणि मग त्यात ती आत्ताच्यासारखीच दिसते हे बघून पुन्हा काढला होता. आई दाराशी बसून चपलेचा पट्टा लावत होती. मांडीवर वाचनालयाचं पुस्तक. घंटा वाजली तेव्हा दोघंही दारापासून हातभर अंतरावर होती, आणि दार नुसतं लोटलेलं होतं. बाईंनी ते ढकललं. हातात फुलं होती, पांढरी, कागदात गुंडाळलेली. त्यांनी आधी त्याच्याकडे, मग खाली बसलेल्या म्हाताऱ्या बाईकडे बघितलं. त्या विचारणार होत्या. ओठ हलले होते. आईनं मान वर केली. तिनं बाईंकडे नाही, त्याच्याकडे बघितलं. नेहमीसारखंच बघितलं, दमलास का रे विचारताना बघायची तसं.

"ही माझी मावशी," तो म्हणाला.

किती सहज निघालं. घसा अडला नाही, थांबा लागला नाही. इतके महिने ज्या कठड्याला तो धरून होता तो हातातून गेला, आणि गेल्याचं कळलंसुद्धा नाही. आईनं लावलेला पट्टा सोडला, चपला पुन्हा भिंतीशी ठेवल्या, पुस्तक त्यावर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेली.

पुढचं सगळं त्याला काचेपलीकडचं वाटत होतं. बाईंनी खोली बघितली, डबीचे जुने नमुने हातात घेतले, न्हाणीघराच्या दाराशी जरा थबकल्या आणि आत न डोकावता परतल्या. आईनं चहा आणला. बाईंनी तिला आग्रहानं शेजारी बसवलं, फुलं तिच्या हातात दिली. ती फुलं कुणासाठी आणली होती ते उघडच होतं. मग बाईंनी हळूच विचारलं, त्या कशा होत्या? तुम्ही तर जवळून बघितलं असेल. तो ताठरला. आईनं फुलांचा कागद नीट केला.

"जवळून म्हणजे अगदीच," आई म्हणाली. "हट्टी होती. स्वतःचं खरं करायची. पोरावर फार जीव, पण तसं दाखवायची नाही, त्यामुळे त्याला कळलं असेल की नाही कोण जाणे. तिला वाटायचं आपण याला दोन गोष्टी तरी नीट शिकवल्या. तशी ती सुखी होती. याच्या वडिलांच्या मागे हा होता ना तिला."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी आईचा हात हातात घेतला, म्हणाल्या, तुमच्या रूपानं त्याला थोडी आई आहे. आईनं मान हलवली. हो की नाही ते त्यातून कळलं नाही. त्याला कप बशीत ठेवता येईना. कपाचा आणि बशीचा एकमेकांवर आपटून आवाज होत राहिला, आणि बाईंनी तो दुःखाचा आवाज समजून त्याच्याकडे ममतेनं बघितलं.

बाई गेल्यावर आई खिडकीशी बसून राहिली. दिवेलागणीला तिनं डोळे मिटले. फार वेळ बसावं लागलं नाही. तो स्वयंपाकघरात उभा होता, ताटं मांडली होती, तिच्या ताटावर तिनं दुसरं ताट झाकलं.

"तू कुठे काय खोटं बोललीस?" त्यानं विचारलं. त्याला खरंच ते हवं होतं, तिचं निर्दोष असणं. "जे बोललीस ते सगळं खरंच होतं. मावशी मी म्हटलं."

"तू म्हटलंस, मी गप्प बसले," आई म्हणाली. "तेही धरते मी."

ती हे त्याला लागावं म्हणून बोलली नव्हती. आपल्या नेमाचा एक बारकावा सांगावा तसं सांगितलं. त्यालाही जेववलं नाही. पण तो ताटावर बसला, कारण तीच म्हणाली, बस, अन्न टाकू नये.

दुसऱ्या दिवशी बाईंचा होकार आला. इमारतीत घंटा वाजली, ती मास्तरांनी त्याचा हात धरून वाजवली. पोरं टेबलांवर चढली. मुनी टाळ्या वाजवत होता, पण उठला नव्हता. घरी आला तर आईची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. ताईकडे जाते म्हणाली. किती दिवस, असं त्यानं विचारलं, आणि तिनं त्याच्याकडे असं बघितलं की हा प्रश्न त्यालाच पोरकट वाटला. बाई पुन्हा येतील, तिनं समजावून सांगितलं, आता त्या येणारच. पैसे घातले म्हणजे माणूस येतोच. आणखीही कुणी येतील, फोटो काढतील. मावशी किती दिवस राहते कुणाकडे? आणि राहिले तर, ती हसून म्हणाली, रोज रात्रीचं उपाशी झोपावं लागेल मला. या वयात झेपायचं नाही. तो तिच्यासमोर खाली बसला. उद्या सांगतो, म्हणाला. बाईंना मी उद्या सगळं सांगतो. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तिचा हात हलका होता, पण त्याला तो पेलवेना. सांगशील तेव्हा मला बोलवून घे, ती म्हणाली, मी लगेच येईन. बस कितीला असते तेवढं बघून दे.

दुसरा दिवस उजाडला. बाईंचा नंबर त्यानं सकाळपासून कितीदा तरी उघडला. तेवढ्यात करारावर सह्या कधी करायच्या ते विचारायला त्यांचाच फोन आला, आवाजात एवढी माया होती, आणि त्यानं वार सांगितला.

बसस्थानकावर ऊन चढलं होतं. आईला खिडकीजवळची जागा मिळाली. तो खाली उभा राहून तिच्याशी बोलत होता, पाणी आहे का, ताई घ्यायला येईल ना, डबी पिशवीत वर ठेवलीस ना. ती हो हो म्हणत होती. मग तिनं खिडकीच्या गजांतून वाकून त्याला जवळ बोलावलं, शेजारच्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून.

"एक कर," ती म्हणाली. "तुला काय सांगायचं ते सांग लोकांना. मी गेले म्हण, हरकत नाही, जायचीच आहे कधीतरी. पण उशीर झाला होता असं म्हणू नकोस. तेवढं मला ऐकवत नाही. तू वेळेवर आला होतास रे. मला उचलून तसाच अनवाणी पळालास तू, रस्ता हा असा तापलेला. तळपायांना हे फोड आले होते. आठवडाभर मी अंथरुणात बसून तुझ्या पायांना मलम लावत होते आणि डॉक्टर हसायचे, म्हणायचे पेशंट कोण आहे. आठवतंय ना?"

"हो," तो म्हणाला.

आईनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. बस सुरू झाली, गजांवरचा तिचा हात मागे गेला, आणि धुरात तिचं पिकलं डोकं बाकीच्या डोक्यांत मिसळून गेलं.

तो तिथेच उभा राहिला. माणसं त्याला वळसा घालून जात होती. मनातल्या मनात त्यानं किल्लीनं दार उघडलं. नळ वाहत होता, फरशी ओली, पिकले केस. आणि मग डोळ्यांवर प्रकाश आला, समोर अंधार, पंख्याचा आवाज, कुणाचा तरी हुंदका. त्यानं परत पहिल्यापासून सुरुवात केली. दार. नळ. फरशी. तिला उचललं असेल तर तिचं वजन हातांना लागलं असेल; जिना उतरला असेल, रस्त्यावर धावला असेल, कुणाची तरी गाडी थांबवली असेल. त्यानं डोळे मिटून ते सगळं मांडून बघितलं, आणि ते कुणीतरी दुसऱ्यानं सांगितल्यासारखं नीट मांडलं गेलं, आणि पुन्हा प्रकाश आला, आणि टाळ्या. एका बाजूला होऊन, सामानाच्या गाड्यांच्या आडोशाला, त्यानं बूट काढले, मोजे काढले, आणि दुपारच्या उन्हात तापलेल्या त्या दगडी फरशीवर दोन्ही पाय टेकवले. चटका बसला. तो तसाच उभा राहिला, वाट बघत. फरशी भाजत होती. तळपायांना काहीच आठवत नव्हतं.